लॉक मुखेडला होतं

आधीच कबूल करते – या सदरात अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर जाहीर टिंगल केली आहे. कॉलेजात असताना तर त्यावर पत्रकच काढलं होतं. मथळा होता ‘भूत दाखवा, चहा पाजतो’. चहा कुणाला पाजावा लागला नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. ज्यांना पांढरी साडी, उलटे पाय वगैरे हवं असेल त्यांनी इथेच थांबावं. यात साडी नाही. एक कॉम्प्युटर आहे, सहा फ्लॉप्या आहेत, आणि भर दुपारचे दोन वाजले आहेत.

मी कार्यकर्ती आहे. नांदेडला वाढले, सध्या लातूरला असते. क्लासेसच्या गल्ल्यांमधल्या मुलींच्या मेस आणि होस्टेलच्या प्रश्नावर काम करते. ज्या शहरात टॉपर पोरांचे फोटो दुमजली घराएवढे लागतात, तिथे एका खोलीत सात मुली आणि मजल्याला एक बाथरूम का – हा माझा साधा प्रश्न आहे. तो मी आतापर्यंत चार पत्रकांत विचारला. ते असो. मुद्द्यावर येते.

नांदेडला इतवाऱ्यात जलीलचाचांचं मराठी कंपोझिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पुढे पुढे क्लासेसच्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका. माझं पहिलं पत्रक त्यांनीच कंपोझ केलं. गळ्यात दोन चष्मे लटकवलेले – एक स्क्रीनचा, एक कागदाचा. मी दारात दिसले की दुसरा चष्मा चढवायचे.

“पत्रकवाली आली. आज कोनाचा धिक्कार हाय?”

“चाचा, चेष्टा नको. अर्जंट आहे.”

“धिक्कार मी टाईप करूनच ठेवलाय. तू निस्तं नाव सांग.”

या माणसाला एक वेड होतं. सेटप जपायचं, म्हणजे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चढवायच्या फ्लॉप्या. कंपोझिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की कंपनीचा माणूस यायचा – जुन्या फ्लॉप्या परत द्या, नवीन सवलतीत न्या. सगळ्या नांदेडने दिल्या. चाचांनी दिल्या त्या आधी दोनदोनदा कॉपी करून. कारण नव्या व्हर्जनमध्ये जुनं मॅटर उघडलं की काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, आणि अर्ध्या अक्षरांच्या जागी चौकोन. आमच्याकडे त्याला ‘फाँट उडाला’ म्हणतात. आणि जुनं व्हर्जन मागायला जावं तर कंपनी म्हणते, ते आम्ही बंद केलं. मी विचारते – लोकांनी आपल्या भाषेत लिहून ठेवलेलं उघडायचं की नाही हे ठरवणारे हे कोण? यावर मी पत्रक लिहिलं नाही याची मला आता लाज वाटते.

चाचा म्हणायचे, “फायली सगळेच जपतेत, माय. सेटप कोनी जपत न्हाई.”

दुसरा नियम असा की, दोन प्रती एका छताखाली ठेवायच्या नाहीत. हा नियम त्यांना त्र्याण्णवच्या भूकंपाने शिकवला. भूकंप झाला त्या आठवड्यात ते स्वतःचा कॉम्प्युटर टेम्पोत घालून औसा तालुक्यातल्या एका गावी गेले होते. पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटरवर तो चालवून त्यांनी वाचलेल्या माणसांची यादी केली. त्या गावात ग्रामपंचायतीचं रजिस्टर होतं, त्याची नक्कलही होती. दोन्ही एकाच कपाटात, आणि कपाट भिंतीखाली. ते सांगताना चाचा दोन्ही चष्मे काढून ठेवायचे. तेव्हापासून चाचांकडे प्रत्येक गोष्टीची एक प्रत दुकानात आणि एक मुखेडला, बहिणीकडे. माझ्या पत्रकांच्याही ते दोन प्रिंट काढायचे. मी म्हणायचे, एकच पाहिजे. ते म्हणायचे, “एक तुझी, एक मुखेडची.” मुखेडला माझ्या धिक्कारांचा एवढा साठा कशाला, असं मी विचारायचे. तोवर दुसरी प्रिंट निघालेली असायची.

मागच्या वर्षी चाचा गेले. दुकान आता त्यांची मुलगी शाहीनआपा बघते. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म.

आता काशीबाई. वय बावीस, नर्सिंगचा कोर्स केलेली, माझ्याच गल्लीत खोली करून राहणारी. वागायला शांत, माझ्या अगदी उलट. भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून तिची भरतीत निवड झाली होती. कागदपत्रं तपासायला अकरा दिवस होते. प्रमाणपत्रासाठी कचेरीत गेली आणि रडायची ती हसत परत आली. म्हणाली, “ताई, मी मेलेय.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. टेबलावरच्या साहेबांनी यादी फिरवून दाखवली. घर क्रमांक, कर्त्याचं नाव, आणि खाली – काशीबाई, मयत. त्याखाली – सोना, हयात. वडील किंवा पती, हा रकाना दोघींपुढे रिकामा.

“सोना कोण?” साहेबांनी विचारलं.

“मीच,” काशी म्हणाली.

“मग काशीबाई कोण?”

“मीच.”

“बाई, एक काहीतरी सांगा.”

गोष्ट इतकी साधी होती की मला किंचाळावंसं वाटलं. हिला आजीचं नाव ठेवलेलं, काशीबाई. पण हिची आई सासूचं नाव तोंडाने घेणार कशी? म्हणून घरात हाक सोना. आजी गेली, आई-बाप गेले, सहा वर्षांची पोर वाचली. शेजाऱ्यांनी सरकारी यादीवाल्याला सांगितलं – काशीबाई गेल्या, सोना हाय. पुढे मुरुडच्या मामाने शाळेत खरं नाव घातलं, काशीबाई. मामाने कधी सोना म्हटलं नाही. म्हटलं तर बहीण आठवायची त्याला. तर कागदं सगळी काशीच्या नावाची, आणि सरकारदरबारी जिवंत सोना... जिच्याकडे एकही कागद नाही.

हे मी साहेबांना नीट समजावलं. म्हणजे, टेबलावर हात आपटून समजावलं. साहेब म्हणाले, “म्याडम, मला पटतंय. पण पटून सही करता येत नसती. त्या वेळचा कागद आणा. दोन्ही नावं एकाच बाईची हायेत असा.”

त्या वेळचा कागद. शाळा पडलेली, ग्रामपंचायत पडलेली.

परतीच्या रिक्षात काशी बाहेर बघत म्हणाली, “कागद झाला होता. शेडमधे एकजण टीव्हीसारखं घेऊन बसले होते. सगळ्या लेकरांना जवळ घेऊन विचारायचे, घरात तुला काय म्हणून हाक मारतेत? मी सांगितलं. मग खरं नाव विचारलं. तेबी सांगितलं. ...गळ्यात दोन चष्मे होते त्यांच्या. मला वाटलं, एक आपल्याला देतील.”

मी रिक्षा थांबवायला लावली. का, ते माहीत नाही. थांबवून लगेच, चला पुढे, म्हटलं. चाचांनी मला कितीदा सांगितलं होतं – “सरकारी मानूस नाव विचारत होता. मी हाक विचारली.” मी तेव्हा प्रुफात डोकं घालून हूं हूं करत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पहिल्या एसटीने नांदेडला. शाहीनआपाने काही न विचारता माळा उघडला. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर चाचांच्या अक्षरात चिठ्ठी. ‘शेड यादी’ असं लिहिलेली फ्लॉपी दहा मिनिटांत सापडली. शाहीनआपाच्या कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन. त्यात उघडली तर फाँट उडालेला. ओळीच्या ओळी चौकोन. काशी त्या चौकोनांकडे असं बघत होती, जणू त्यातला एक ती आहे.

मग जुन्या व्हर्जनचं सेटप काढलं. सहा फ्लॉप्या. चाचांचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात चादरीखाली होता. त्याची हार्डडिस्क मध्यंतरी बसली होती, मेकॅनिकने दुसरी लावून दिली होती, म्हणजे सेटप नव्याने करावं लागणार होतं. पहिली फ्लॉपी गेली, दुसरी गेली. तिसरीला मशीन नुसतं घरघरलं. फ्लॉपीला बुरशी. दोनदा पुसली, तीनदा घातली. नाही.

शाहीनआपाने डब्याचं झाकण उलटं केलं. आत लिहिलं होतं – ‘दुसरी प्रत : मुखेड’.

“अब्बांचं काही खरं नव्हतं,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून झेरॉक्स काढायला लागली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

काशीला तिथे ठेवून मी मुखेडला गेले. त्या दिवशी तिथला बाजार, एसटीत शेळ्यांसकट माणसं. चाचांच्या बहिणीला सगळे फुफी म्हणतात. त्या शिलाई करतात. दारातच मशीन. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, “हाव, तूच का ती. तुझे कागद हायेत माझ्याकडे लई. धिक्कार, धिक्कार, धिक्कार. बस, चहा पी.” ट्रंकेतून डबा काढून दिला. फडक्यात गुंडाळलेला, कडुलिंबाचा पाला घातलेला. मी चहा अर्धा टाकून पळाले. त्या मागून काहीतरी म्हणाल्या, पण गाडी लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता – वेळ मी मुद्दाम लिहून ठेवली आहे – सेटप सुरू केलं. दुकानात आम्ही तिघी. सहाच्या सहा फ्लॉप्या गेल्या. स्क्रीनवर सॉफ्टवेअरचं निळं पान आलं, मग रिकामं पांढरं. ‘शेड यादी’ घातली. उघडली.

मला लिहिता येतं असा माझा समज आहे. पण ते कसं दिसलं हे मला लिहिता येत नाही. काल चौकोन होते तिथे माणसं होती. एकेका घराची. नाव, वय, वडिलांचं नाव, आईचं नाव. आणि पुढे एक रकाना, ‘घरातली हाक’. बाळ्या. ठकी. पप्पू. मन्या. आवडी. एका लेकराची हाक नुसती ‘ए’. चाचांनी तीही लिहिली होती, कारण त्याने तेवढंच सांगितलं असणार. मी उठून खुर्ची काशीला दिली.

काशीने स्क्रीनवर बोट टेकवलं. 

‘काशीबाई. वय ६. वडील, आई दोन्ही मयत. आजी काशीबाई मयत. घरातली हाक : सोना. शेरा – आजीचं नाव. आई सासूचं नाव घेत नसल्याने सोना म्हणत असे.’

तिने ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, “आईनंतर मला कोणी सोना म्हटलेलं नाही.” रडली वगैरे नाही. नुसतं परत वाचलं. मग शाहीनआपा हळूच म्हणाली, “सोना, पाणी पी.” आणि ती पाणी प्यायली.

यादीच्या शेवटी ओळ होती : गावच्या गुरुजींच्या सहीने एक प्रत तहसील कचेरीत दिली, आणि पुढे आवक क्रमांक. मला तेवढंच पाहिजे होतं. सहीचा कागद कचेरीतच होता. फक्त कुठे शोधायचा हे कुणाला माहीत नव्हतं.

शाहीनआपाने जुन्या प्रिंटरच्या सुकलेल्या रिबनला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब लावले. मी एकाच प्रतीची कमांड दिली. कर्रकर्र करत सगळी पानं आली. आणि मशीन थांबलं नाही. पहिल्या पानापासून परत सुरू झालं. दोन प्रती. यावर मी काही बोलणार नाही. त्या सॉफ्टवेअरची तशी सेटिंग असू शकते, सेटप चाचांनी कॉपी केलं तेव्हा ती सोबत आली असू शकते. मेकॅनिक म्हणतो शक्यता कमी. कमी म्हणजे आहे.

पुढचं मात्र तसं नाही.

पानं घेताना शाहीनआपा म्हणाली, “लॉक जपून काढ गं, त्याच्या पिना नाजूक हायेत.”

“कुठलं लॉक?”

“तू मुखेडहून आणलंस ते.”

“मी नाही आणलं. तू लावलंस ना?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळात या सॉफ्टवेअरला लॉक असायचं. काडेपेटीएवढी काळी डबी. कॉम्प्युटरच्या मागे आधी ती लावायची आणि तिच्यात प्रिंटरची वायर. ती नसेल तर स्क्रीनवर ‘लॉक सापडलं नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते आणि सॉफ्टवेअर उघडतच नाही. चोरून वापरू नये म्हणून कंपनीने केलेली सोय. प्रत्येक जुन्या व्हर्जनचं लॉक वेगळं. मी लहानपणापासून त्या डबीला हात लावल्याबद्दल चाचांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. मला हे माहीत होतं. शाहीनआपाला माहीत होतं. मी धरून चालले तिने लावलं, तिने धरलं मी.

आम्ही कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला. प्रिंटरची वायर सरळ मशीनला लावलेली होती. मध्ये काही नाही.

तिघी तिथे उकिडव्या बसून त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो. शाहीनआपाने ‘या अल्लाह’ इतकं हळू म्हटलं की मला ते ऐकू येणं गैर वाटलं. मला भीती वाटली नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. दवाखान्यात कुणीतरी पहिल्यांदा बाळ हातात देतं, तेव्हा जसं आपण श्वास धरून उभं राहतो – तसं काहीसं.

मग मी भानावर आले आणि सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं.

लॉक सापडलं नाही.

परत. लॉक सापडलं नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सेटप काढून पुन्हा सहा फ्लॉप्या घातल्या. लॉक सापडलं नाही. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा केलं. मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, “ताई, हे व्हर्जन लॉकबिगर चालतच न्हाई. डेमोबी नव्हता याचा. तुम्ही कायतरी इसरून राहिल्या.” मी त्याच्या हातात पानं ठेवली. त्याने रिबनच्या तेलाचा वास घेतला, पानावरची छपाईची तारीख बघितली, आणि चहा न घेता गेला.

तेवढ्यात मुखेडहून फुफींचा फोन. “माय, तू डबा नेलीस, पन डबी ठेवून गेलीस की. म्या हाक मारूलाले, तू पळालीस.”

“कसली डबी, फुफी?”

“काळी. जलीलनं दिलेली. माझ्या मशीनीच्या ड्रावरात हाय. संगं चिठ्ठी हाय, थांब, वाचते... जुन्या व्हर्जनचं लॉक. सेटपच्या डब्यात ठेवू नये.”

काशीचं पुढचं सांगते, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असणार. आवक क्रमांक घेऊन आम्ही कचेरीत गेलो. त्याच साहेबांनी स्वतः रेकॉर्ड रूममध्ये बसून गठ्ठे सोडले. मी त्यांच्याबद्दल आधी जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. सहाव्या दिवशी, ‘इतर पत्रव्यवहार’ लिहिलेल्या गठ्ठ्यात चाचांची यादी निघाली – गुरुजींची सही, कचेरीचा शिक्का, तीच ओळ, तोच शेरा. साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. म्हणाले, “माझी आईबी घेत नव्हती सासूचं नाव.” आणि सही केली. तपासणीच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. काशी आता एका उपकेंद्रावर आहे. गावच्या बाळंतिणी तिला सोनाताई म्हणतात. तिनेच तसं सांगितलंय.

आता माझ्यावर तुटून पडा. मीही पडले असते. म्हणून महिन्याभराने मी मुखेडहून ते लॉक नांदेडला आणलं. लावलं की सॉफ्टवेअर उघडतं. काढलं की उघडत नाही. वीस वेळा केलं, शाहीनआपाने वहीत लिहून ठेवलं. नव्या व्हर्जनचं लॉक यूएसबीचं, जुन्या कॉम्प्युटरला ते लावायला जागाच नाही, म्हणजे तो मार्गही बंद. डिस्कवर आधीचं काही उरलं असेल तर – मेकॅनिकने तेही बघितलं. काही नव्हतं. कुणाला याहून चांगला खुलासा सुचत असेल तर जरूर लिहा, मी येऊन तपासेन. ‘तुम्ही तिघींनी नीट बघितलं नसेल’ एवढं मात्र लिहू नका. चार पानांची यादी दोनदा छापली गेली आहे, ती आम्ही कल्पनेत छापलेली नाही.

एक प्रत काशीकडे आहे. दुसरी द्यायला मी मुखेडला गेले. फुफींनी ती माझ्या धिक्कारांवर ठेवून ट्रंक लावली. मग हात पुढे केला.

“लॉक?”

“फुफी, ते आता नांदेडलाच राहू द्या. सेटपजवळ. सोयीचं पडेल.”

“न्हाई. दोनी एका छताखाली ठेवायचं न्हाई म्हनला होता तो.”

मी दिलं. त्यांनी चिठ्ठीत गुंडाळलं, शिलाई मशीनचा ड्रॉवर उघडला आणि दोऱ्यांच्या रिळांमागे सारलं. ते आत्ताही तिथेच आहे. त्या दिवशी दुपारी दोन वाजताही ते तिथेच होतं. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही.